चौकशी कुणाची? जे. जे. रुग्णालय आणि लेंटिन आयोग

मंडळी, आजचा विषय तसा रुक्ष वाटेल. चौकशी आयोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड अहवाल येतो, त्याच्यावरची धूळ येते आणि 'आयोग नेमला म्हणजे प्रकरण मिटलं' हे कट्ट्यावरचं वाक्य आठवतं. ते वाक्य अगदीच खोटं आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाची जी जाहीर चौकशी झाली, ती नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. आयोगाचं बरंवाईट त्याच्या पहिल्या बैठकीआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं. त्याला प्रश्न कोणता दिला, आणि तो प्रश्न कुणाच्या देखत विचारला जाणार, यावर ते ठरतं. आज आपण एवढंच पाहणार आहोत.

भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ साली ते सुरू झालं, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच्याच आवारात. राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात. ज्याला खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, तो शेवटी जे. जे.ला येतो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. रुग्णालयात माणसं दगावतात, त्यात नवल नाही. नवल असं होतं की यातले काही मेंदूच्या विकारासाठी दाखल झालेले, काही डोळ्यांच्या, आणि मृत्यू मात्र सगळ्यांना एकाच वाटेने आला. मूत्रपिंडं बंद पडून.

मेंदूला सूज आली असेल किंवा डोळ्यातला दाब वाढला असेल, तर तो उतरवायला त्या काळी रुग्णाला ग्लिसरॉल तोंडावाटे देत असत. साधं, जुनं, स्वस्त औषध. ग्लिसरॉल म्हणजे आपण घरात ज्याला ग्लिसरीन म्हणतो तेच. या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन मोठ्या प्रमाणात मिसळलेलं निघालं. हे रसायन दिसायला ग्लिसरॉलची सख्खी बहीण. रंग नाही, पाकासारखं दाट, चवीला गोडसर. कारखान्यात त्याचे नाना उपयोग आहेत, पण माणसाच्या पोटात गेलं की ते मूत्रपिंडावर घाला घालतं. दिलेलं औषध हेच मृत्यूचं कारण होतं. रोगी ज्याच्यावर भरवसा ठेवून आ करतो, त्याच चमच्यातून विष गेलं.

आता प्रश्न विचारायचा तो असा, की हे केलं कुणी?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर देऊन पाहा. औषध पाजलं परिचारिकेने. तिला सांगितलं डॉक्टरांनी. बाटली आली रुग्णालयाच्या भांडारातून. भांडाराने माल घेतला तो खरेदीच्या पद्धतीनुसार, निविदा काढून. माल दिला पुरवठादाराने. पुरवठादाराला परवाना होता आणि त्या परवान्यावर देखरेख होती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची. प्रशासन चालतं मंत्रालयातून. या साखळीतल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही ना काही होतंच. मी फक्त लिहून दिलं, मी फक्त उघडलं, मी फक्त सही केली.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून इथे थोडं विषयांतर करतो. आपल्या न्यायशास्त्रात कारण कशाला म्हणावं याची मोठी कसून चर्चा आहे, आणि तिथलं नेहमीचं उदाहरण मडक्याचं. मडकं घडतं त्याला माती लागते, चाक लागतं, ते फिरवायला दांडा लागतो, कुंभार लागतो. पण माती वाहून आणणारं गाढव? आणि कुंभाराचा बाप? बाप नसता तर कुंभार नसता आणि कुंभार नसता तर मडकं नसतं. तरीही नैयायिक म्हणतात, गाढव आणि बाप ही मडक्याची कारणं नव्हेत. मडक्याच्या आधी ती होती खरी, पण कार्याचा हिशेब त्यांच्यावाचून लागतो. याला त्यांनी नाव दिलं 'अन्यथासिद्ध'. आम्हाला नेहमी वाटत आलं आहे की कुठल्याही चौकशी आयोगापुढचा सारा वाद या एकाच मुद्द्यावर असतो. साक्षीला आलेला प्रत्येक अधिकारी शपथेवर हेच पटवत असतो, की साहेब, मी दांडा नव्हे, मी गाढव आहे. हसू नका, फार गंभीर गोष्ट आहे ही. कारण सगळ्यांचंच म्हणणं मान्य केलं, तर मडकं आपोआप झालं असं म्हणायची पाळी येते. चौदा माणसं आपोआप मेली.

सरकारपुढे अशा वेळी तीन वाटा असतात. एक पोलिसांची. पोलीस गुन्हेगार शोधतात, ते त्यांचं कामच आहे. पण गुन्हा शाबीत व्हायला एक विशिष्ट माणूस आणि त्याचं विशिष्ट कृत्य लागतं. खरेदीची पद्धतच वाईट असेल, तर पद्धतीला बेड्या घालता येत नाहीत. दुसरी वाट खात्यांतर्गत चौकशीची. तिच्यात खात्याला खात्यानेच विचारायचं, तेही दार लावून. तिसरी वाट १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याची.

हा कायदा थोडा समजून घेऊ, कारण आयोगावर चिडणारे बहुतेक लोक त्याच्याकडून जे मागतात ते या कायद्यात मुळातच नाही. सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या निश्चित बाबीसाठी सरकारला आयोग नेमता येतो. विधानसभेने ठराव केला तर नेमावाच लागतो. आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार मिळतात. साक्षीदाराला बोलावणं, शपथेवर तपासणं, कागद हजर करायला लावणं. ज्याच्या नावलौकिकाला चौकशीमुळे धक्का लागण्याचा संभव आहे, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, वकील देता येतो, उलटतपासणी करता येते. आणि एक कलम असं आहे की आयोगापुढे जे बोललं, ते पुढे खटल्यात त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाही. खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. अनेकांना हे कलम गुन्हेगाराला दिलेलं अभय वाटतं. आम्हाला ते तसं वाटत नाही. माणसाने खरं बोलावं अशी इच्छा असेल, तर खऱ्याची किंमत थोडी कमी करावी लागते.

शिक्षा देण्याचा अधिकार मात्र आयोगाला नाही. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने दालमिया प्रकरणात हे स्पष्ट केलं. योगायोग असा की त्या आयोगाचे प्रमुखही मुंबई उच्च न्यायालयाचेच एक न्यायाधीश होते, न्यायमूर्ती तेंडोलकर. त्यांच्या नावानेच तो खटला आजही ओळखला जातो. आयोगाचे निष्कर्ष म्हणजे शिफारस, त्यांची आपोआप अंमलबजावणी होत नाही, असा त्याचा सारांश. मग आयोग करतो काय? तो विचारतो, उघड्यावर विचारतो आणि जे सापडलं ते लिहून ठेवतो.

जे. जे. प्रकरणात सरकारने हीच वाट धरली आणि चौकशी सोपवली न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्याकडे. हे नाव तेव्हा महाराष्ट्राला नवीन नव्हतं. सिमेंट आणि देणग्यांच्या प्रकरणात १९८२ च्या जानेवारीत त्यांनी दिलेल्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं होतं. असा माणूस नेमायचा म्हणजे उत्तर सोयीचं येईलच याची खात्री सोडून द्यायची. सरकारने हे ओळखून केलं की लोकांचा संताप पाहून नाइलाजाने, यावर आम्ही भाष्य करत नाही. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकवत होतो. साक्षींचे वृत्तांत वर्तमानपत्रांत येत, आणि स्टाफरूममध्ये एरवी पगारवाढीवर बोलणारी मंडळी निविदा आणि परवाना या विषयांवर तावातावाने बोलू लागली होती. एका अर्थाने ते लोकशिक्षणच होतं. सरकारी रुग्णालयात औषध येतं कुठून, हे तोवर आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

या चौकशीचं वेगळेपण तिच्या दिशेत आहे. ती वॉर्डातून निघाली आणि औषध ज्या वाटेने आलं त्याच वाटेने उलटी चालत गेली. वॉर्डातून भांडारात, तिथून खरेदीच्या कागदांत, पुरवठादाराकडे, मग अन्न व औषध प्रशासनाच्या फायलींत, आणि शेवटी मंत्रालयाच्या दारात. कुठल्याही टप्प्यावर थांबता आलं असतं. भांडारपालापाशी थांबली असती तर एक भांडारपाल निलंबित झाला असता आणि गोष्ट संपली असती. पुरवठादारापाशी थांबली असती तर 'एका लोभी व्यापाऱ्याचं कृत्य' म्हणून आपण सुटकेचा नि:श्वास टाकला असता. ती पुढे गेली म्हणून दिसलं की ज्या प्रशासनाने औषधांवर पहारा करायचा, त्याचाच पहारा ढिला होता, आणि त्या ढिलाईत राजकीय हस्तक्षेपाचाही वाटा होता. रुग्णालयाचा कारभार, पुरवठादार, औषध प्रशासन आणि मंत्री या सगळ्यांवर अहवालाने कडक ताशेरे ओढले. १९८८ साली अहवाल विधिमंडळापुढे आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं, तर स्वतःला गाढव म्हणवणारे बरेचसे लोक प्रत्यक्षात दांडे ठरले.

कार्यकक्षा, म्हणजे आयोगाला काय तपासायला सांगितलं आहे ते, किती निर्णायक असते, हे दाखवणारं एक उदाहरण आपल्याकडचं नाही, पण इतकं चपखल आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयंकर आबाळ झाली. माणसं मळलेल्या अंथरुणात पडून राहिली, वेदनेत ओरडत राहिली, काहींना प्यायला पाणीही मिळालं नाही. ज्यांची माणसं गेली त्या घरांनी एकत्र येऊन चौकशीची मागणी लावून धरली. सरकारने २००९ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस नावाच्या ज्येष्ठ वकिलांना नेमलं. पण ती चौकशी बंद दाराआड होती आणि तिचा रोख रुग्णालयाच्या आत काय झालं यावर होता. २०१० च्या फेब्रुवारीत अहवाल आला, १८ शिफारशी आल्या. नातेवाइकांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, आमची माणसं त्या इमारतीत गेली हे आम्हाला ठाऊकच आहे. या इमारतीवर लक्ष ठेवण्यासाठी ज्यांना पगार मिळत होता, ते सगळे काय करत होते, ते विचारा. आणि आमच्या देखत विचारा.

सरकार बदललं, मागणी मान्य झाली. तेच फ्रान्सिस, तेच रुग्णालय, पण आता सुनावणी जाहीर आणि प्रश्न वेगळा. नियामक संस्था, देखरेख करणाऱ्या संस्था, आरोग्य खातं, या सगळ्यांना धोक्याच्या खुणा दिसल्या कशा नाहीत? २०१३ च्या फेब्रुवारीत दुसरा अहवाल आला तेव्हा शिफारशींची संख्या होती २९०. माणूस तोच, विषय तोच. बदललं काय? प्रश्न बदलला आणि दार उघडलं. पुढच्याच वर्षी तिथे असा नियम झाला की उपचारात चूक होऊन रुग्णाला इजा झाली, तर रुग्णालयाने ते स्वतःहून त्याला सांगितलंच पाहिजे.

समोरून एक चिठ्ठी आली आहे. 'सर, पण इंग्रजांच्या काळातही आयोग होतेच ना? त्यात नवीन काय?' प्रश्न चांगला आहे. थोडक्यात सांगतो. १८९७ साली पुण्यात रँडची प्लेग समिती होती. ती चौकशी करणारी समिती नव्हतीच. घरात शिरणारी, रुग्णाला उचलून नेणारी, सामान बाहेर काढणारी ती अंमलदार समिती होती. तिला कुणी विचारायचं अशी सोयच नव्हती, आणि त्याचा शेवट गणेशखिंडीत कसा झाला हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यानंतर, १८९८ मध्ये, प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग आला. त्याने देशभर फिरून साक्षी घेतल्या, त्या छापून ठेवल्या. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या साक्षी आजही सोन्यासारख्या आहेत. पण तो आयोग रोगाला विचारत होता, सरकारला नाही. गोऱ्या अंमलदारांनी चूक केली का, हा प्रश्न त्याच्या पुढ्यात कुणी ठेवलाच नव्हता.

पुन्हा ग्लिसरॉलकडे येऊ. कारण खरी बोचणी पुढेच आहे.

हे विष १९८६ साली जगाला नवं नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने गोळीच्या रूपातलं सल्फा औषध पातळ करून विकण्यासाठी याच डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. शंभरावर माणसं मेली, त्यात मुलं पुष्कळ. त्या वेळच्या तिथल्या कायद्यात विषारी औषध विकणं हा धड गुन्हाही नव्हता. बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलं होतं आणि त्या नावाच्या औषधात अल्कोहोल असावं लागतं, ते यात नव्हतं, म्हणजे लेबल खोटं. एवढ्या आधारावर तिथल्या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून माल जप्त केला. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा झाला. औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवणं आलं. म्हणजे आपत्ती आणि कायदा यांत अंतर एका वर्षाचं. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने बनावट आणि भेसळीच्या औषधांबद्दल १९३१ मध्येच अहवाल दिला होता. त्यावरचा कायदा झाला १९४० साली.

आणि जे. जे.नंतर? लेंटिन अहवाल आला, राजीनामा झाला, थोडी साफसफाई झाली. मग १९९८ मध्ये गुरुग्राम परिसरात ३३ मुलं याच रसायनाने गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या रामनगरमध्ये निदान बारा मुलं. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुलं दगावली आणि संशय भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांवर आला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा, पुन्हा खोकल्याचं औषध, पुन्हा वीसहून जास्त मुलं. दर वेळी मूत्रपिंडं बंद पडतात. दर वेळी एखादा चौकस डॉक्टर म्हणतो, हे नेहमीसारखं दिसत नाही. दर वेळी बाटली मागे मागे शोधत न्यावी लागते आणि तीच साखळी सापडते.

आम्ही स्वतःला विचारतो की इतकं सगळं लिहून ठेवलेलं असताना हे होतं कसं? शिफारशी वाईट होत्या असं नाही. अडचण अशी आहे की आयोग विसर्जित होतो. ज्याने सहाशे प्रश्न विचारले, त्याला 'मी सांगितलं त्याचं काय झालं?' हा सहाशे एकावा प्रश्न विचारता येत नाही. कायदा म्हणतो की अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो, केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह, सभागृहापुढे ठेवायचा. हे निवेदन एकदाच ठेवायचं असतं. 'विचाराधीन आहे' असं त्यात लिहिलं की कायद्याची पूर्तता झाली. विचाराधीन राहिलेली शिफारस पाच वर्षांनी कुठे पोचली, हे पाहणं कुणाचंच काम नाही. शिवाय औषध बनवण्याचा परवाना देतं राज्य, आणि औषध जातं देशभर, देशाबाहेर. मुंबईतल्या आयोगाने महाराष्ट्राच्या प्रशासनाला कितीही सुनावलं, तरी दुसऱ्या राज्यातल्या निरीक्षकाच्या टेबलावर तो अहवाल पोचवणारा टपालवाला नेमलेला नाही. औषध नियंत्रणाची देशभर एक बळकट यंत्रणा हवी, असं २००३ मध्ये डॉ. माशेलकरांच्या समितीनेही सांगून झालं आहे.

म्हणून आमचं मत असं झालं आहे, की न्यायमूर्तींचा आयोग हवाच, पण तो प्रसंगी येतो आणि जातो. त्याच्या जोडीला सतत विचारत राहणारं काहीतरी लागतं, आणि ते स्थानिकच असावं लागतं. महाराष्ट्रात याचा एक प्रयोग झालेला आहे, त्याची हवी तेवढी चर्चा होत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे. गावातल्या समितीने आपल्या उपकेंद्राचं, प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचं. शाळेत मुलांचं असतं तसं, फक्त इथे गुण द्यायचे ते सरकारी सेवेला, हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत. नर्सबाई येतात का? औषध केंद्रातच मिळतं की बाहेरून आणायची चिठ्ठी देतात? पैसे मागतात का? मग जनसुनवाई. मांडव टाकायचा, अधिकारी समोर बसवायचे आणि बाईने उभं राहून विचारायचं, की माझ्या सुनेच्या बाळंतपणाला गाडी का आली नाही.

इथे न्यायाधीश नाही, शपथ नाही, उलटतपासणीही नाही. कायद्याच्या दृष्टीने लेंटिन आयोगापुढे ही फारच दुबळी गोष्ट. काही डॉक्टरांना तो अपमान वाटला, आणि सुरुवातीच्या काही सुनवाया भांडणातच संपल्या असतील तर त्यात आश्चर्य नाही. तक्रारीचं खापर शेवटी त्या बिचाऱ्या नर्सबाईवरच फुटायचं, हा धोकाही खराच. तिच्याकडे औषध नाही, कारण वरून आलंच नाही, आणि वरचा माणूस मांडवात नाही. म्हणून जिथे हा प्रयोग नीट झाला तिथे सुनवाई एका पायरीवर थांबली नाही. केंद्रात सुटेना तो प्रश्न तालुक्याला, तिथे सुटेना तो जिल्ह्याला, आणि काही थेट राज्यपातळीवर नेले गेले. म्हणजे बाटलीच्या वाटेने उलटं चालत जाणं आलंच. शिवाय एक गोष्ट त्या मांडवात होती जी आयोगाजवळ नव्हती. ती बाई पुढच्या सुनवाईला पुन्हा येणार होती, आणि मागच्या वेळी दिलेलं आश्वासन तिच्या लक्षात होतं.

चिठ्ठ्या अजून बऱ्याच आहेत. खाजगी रुग्णालयांना हे लागू करता येईल का, असं तिघांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर लांब आहे आणि सभागृहाची वेळ संपत आली आहे. तेव्हा पुढचं व्याख्यान त्यावरच करू.